नावेची डागडुजी

पंढरपूर तालुक्यातील आमचे करकंब गाव समुद्रापासून फार दूर आहे. येथील मुले नाव पाहतात, ती पंढरपूरला चंद्रभागेच्या पात्रात. तरीही सागरात जाणाऱ्या शिडाच्या नावेची डागडुजी समजून घेण्यास माळवदाच्या घराची आठवण पुरेशी आहे. मातीच्या धाब्याला बारीकसे छिद्र पडले, की पावसाचे पाणी आत शिरते, तुळईच्या कडेने वाहत जाते आणि भलत्याच ठिकाणी ठिबकू लागते. छिद्र एकीकडे आणि ओल दुसरीकडे!

डेक म्हणजे नावेचे छतच होय. मात्र घराच्या छताला कोणी ओढीत नाही. डेकला शिडाचे दोर सतत ओढीत असतात. दोर बांधण्याच्या धातूच्या खुंट्या, कप्प्या, कठडे हे सर्व डेकला भोके पाडूनच बसवावे लागते. म्हणून जुनी नाव दुरुस्तीस घेतली, की जाणता कारागीर प्रथम हे सामान काढतो व त्याखालचे लाकूड टोचून पाहतो. वरचा रंग चकचकीत असला, तरी आतील लाकूड कुजलेले असू शकते. तेवढा भाग कापून तेथे नवे लाकूड बसवतात.

आता खुंटी कशी बसवतात, ते पाहा. बोल्टासाठी प्रथम हवे त्याहून मोठे भोक पाडतात आणि ते इपॉक्सी नावाच्या राळेसारख्या पदार्थाने काठोकाठ भरतात. तो कठीण झाला, की त्याच्या बरोबर मध्यातून बोल्टाचे भोक पाडतात. यामुळे पुढे पाणी झिरपले, तरी ते लाकडापर्यंत पोहोचत नाही. मग खुंटीच्या बुडाला पाणी अडवणारा चिकट लेप देतात. डेकच्या खालून धातूची रुंद पट्टी लावून तिच्यावर नट आवळतात. या पट्टीमुळे दोराची ओढ मोठ्या भागावर विभागली जाते. आवळताना बोल्ट स्थिर धरून केवळ नट फिरवतात. कारण बोल्ट फिरला, तर त्याच्याभोवतीचा लेप सुटतो. साधे लोखंड खाऱ्या हवेत लवकर गंजते, म्हणून स्टेनलेस स्टील किंवा ब्राँझ वापरतात.

आतील खोलीतही अशीच दक्षता घ्यावी लागते. नाव कलली, की सुटी वस्तू फेकली जाऊन माणसास इजा होते. म्हणून कपाटांना घट्ट कड्या, फळ्यांना उंच कडा आणि भिंतींना हाताने धरण्याचे दांडे बसवतात. चूलही झोके घेईल अशी टांगतात. त्यामुळे भांड्यातील अन्न सांडत नाही.

या कामाचे मोल भर समुद्रात कळते. गोव्यात मांडवी नदीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही सुमारे १७ मीटर लांबीची शिडाची नाव बांधली गेली. १९ ऑगस्ट २००९ रोजी भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकटेच मुंबईहून निघाले. वाटेत चार बंदरे घेऊन, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून ते १९ मे २०१० रोजी परतले. शिडाच्या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नावेतून, कोणत्याही बंदरात न थांबता, ही प्रदक्षिणा केली.

मुलांनो, दक्षिणेकडील महासागरात वादळ उठले असता एकट्या नाविकाच्या मदतीस कोण धावणार? त्या वेळी त्याचे प्राण डेकखालच्या अंधारात कोणा कारागिराने मन लावून आवळलेल्या नटावर अवलंबून असतात. किनाऱ्यावरील लोकांना नावेचे शुभ्र शीड दिसते. तो नट कोणाच्याच दृष्टीस पडत नाही.