क्रीडची चांदी: भाव चढला की ड्रिल, उतरला की कुलूप

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात, सान हुआन पर्वतरांगेत, सुमारे 8,800 फुटांवर क्रीड नावाचं छोटं गाव आहे. 1889 मध्ये निकोलस क्रीडला इथे चांदीचा दगड सापडला आणि खाणीचं नाव पडलं ‘होली मोझेस’. दोन वर्षांनी त्याहून मोठी ‘अ‍ॅमेथिस्ट’ शीर लागली, डिसेंबर 1891 मध्ये आगगाडी आली आणि अरुंद घळीत लाकडी गाव उभं राहिलं. जून 1892 मध्ये त्याचा बराच भाग जळाला. आगीनंतर तीनच दिवसांत, दरोडेखोर जेसी जेम्सला मारणारा बॉब फोर्डही इथेच गोळी लागून मेला. पर्यटकांना एवढंच सांगितलं जातं. माझ्या मते क्रीडची खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते, आणि तिचा एक धागा मुंबईच्या टाकसाळीपर्यंत येतो.

1893 पर्यंत मुंबई-कलकत्त्याच्या टाकसाळीत कोणीही चांदी आणून ठरावीक आकार भरून रुपये पाडून घेऊ शकत असे. पण जगात चांदी स्वस्त होत चालली, तसा दोन शिलिंगांचा रुपया सव्वा शिलिंगाच्या आसपास घसरला. भारतातल्या इंग्रज सरकारला विलायतेतली देणी मात्र सोन्यात फेडायची होती. 26 जून 1893 रोजी हर्शेल समितीच्या शिफारशीवरून खासगी चांदीसाठी टाकसाळी बंद झाल्या. चांदीचं एवढं मोठं गिऱ्हाईक हटल्यावर औंसाला ऐंशी सेंटांच्या वर असलेला भाव काही दिवसांतच साठीच्या घरात आला. कोलोराडोत खाणींना धडाधड कुलपं लागली. नोव्हेंबरात अमेरिकन सरकारनेही आपल्या सक्तीच्या चांदीखरेदीचा कायदा रद्द केला. आपल्याकडे हा निर्णय रुपयाच्या इतिहासात दोन ओळींत उरकतात. कोलोराडोतल्या खाणकामगाराची रोजी त्याने रातोरात बुडाली, हे सहसा कोणी सांगत नाही.

क्रीडच्या खाणी पुरत्या मेल्या नाहीत, रडतखडत चालत राहिल्या. नवी उभारी आली ती नकाशातून. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणातले स्टीव्हन आणि रॅटे यांनी हा प्रदेश पुन्हा बारकाईने तपासला आणि बुलडॉग डोंगरातल्या भ्रंशपट्ट्याकडे बोट दाखवलं. पृष्ठभागावर तिथे भुलवण्यासारखं फारसं काही नव्हतं, त्यामुळे जुन्या लोकांनी त्याकडे कानाडोळा केला होता. होमस्टेक कंपनीने तिथे शोध घेतला, शीर हाती लागली आणि 1969 पासून खाण सुरू झाली. 1985 पर्यंत तिने सुमारे अडीच कोटी औंस चांदी दिली. अमेरिकेतल्या हंट बंधूंनी केलेल्या चांदीच्या साठेबाजीने जानेवारी 1980 मध्ये 50 डॉलरजवळ गेलेला भाव तोवर सहा डॉलरच्या आसपास आला होता. खाण बंद करताना शीर संपल्याचं कोणी म्हटलं नाही. हिशेब जुळेना एवढंच.

क्रीडमध्ये ड्रिलने पाडलेल्या साऱ्या भोकांमध्ये मला सर्वांत मोलाची वाटतात ती 1991 ची दोन, आणि ती चांदीसाठी पाडलेलीच नव्हती. सुमारे 2.7 कोटी वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक होऊन जमीन खचली. त्या खळग्यात कडेने तळं साचलं, तळात गाळ बसला. शिरांमध्ये चांदी आणणारं गरम पाणी खारं होतं, हे स्फटिकांत अडकलेल्या सूक्ष्म थेंबांवरून कळलं होतं. मग हा खारेपणा आला कुठून? त्या प्राचीन तळ्यातून तर नसेल? हे तपासायला वैज्ञानिकांनी गाळातून ड्रिल खाली सोडलं; खोल भोक 700 मीटरच्या आसपास गेलं. हिऱ्याचे कण बसवलेलं पोकळ पातं फिरत जातं आणि मधला दगडाचा दंडगोल, म्हणजे कोअर, अख्खा वर येतो. खाणवाले तो उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेत धाडतात आणि टनाला किती औंस एवढंच विचारतात. इथे थर न् थर वाचला गेला. उत्तर ठाम ‘हो’ किंवा ‘नाही’ असं मिळालं नाही, पण शिरा शोधताना डोंगराबाहेरच्या तळ्याचाही विचार करावा लागतो हे पक्कं झालं. कंपनीच्या पैशाने ही भोकं कधी पडली असती, असं मला वाटत नाही.

2008 मध्ये हेक्ला कंपनी भागीदारीत इथे उतरली. जुन्या शिरांच्या लांबणीवर ड्रिलिंग झालं. 2011 मध्ये चांदी पुन्हा 50 डॉलरजवळ पोचली आणि बुलडॉगच्या जुन्या कामांपर्यंत पोचायच्या उतरत्या वाटेचं काम सुरू झालं. 2013 मध्ये भाव कोसळला आणि काम थांबलं. 1893, 1985, 2013: दर वेळी दगड तोच होता.

त्याच 2008 सालात आणखी एक नोंद झाली. 1892 च्या सुमारास खाणींचं पाणी काढायला खोदायला घेतलेला नेल्सन बोगदा आणि कमोडोर खाणीचा टाकाऊ दगडांचा ढीग, दोन्ही सरकारच्या सर्वांत दूषित जागांच्या यादीत गेले. बोगद्यातून जस्त, कॅडमियम आणि शिसं मिसळलेलं पाणी विलो क्रीकमध्ये आणि तिथून रिओ ग्रांद नदीत जातं. 2025 मध्ये चांदीने 50 डॉलर ओलांडले, त्यामुळे या डोंगरावर उद्या कोणी ड्रिल चढवलं तर नवल नाही. पण त्या कंपनीच्या कागदांत टनाला किती औंस याच्या आधी या पाण्याचं काय करणार हे मी शोधेन.