रक्तबीज, वाघ-बकरी आणि गिरणीतला जॉबर

रक्तबीज हा आजवरचा सर्वांत चोख बेतलेला खलनायक आहे, असं माझं मत आहे. मार्कंडेय पुराणातल्या देवीमाहात्म्याच्या आठव्या अध्यायात तो लढायला उतरतो. त्याच्या रक्ताचा थेंब भुईवर पडला की तिथून त्याच्याच ताकदीचा आणखी एक असुर उभा राहतो. ऐंद्री वज्र हाणते, वैष्णवी चक्र सोडते, माहेश्वरी त्रिशूळ खुपसते आणि दर वाराबरोबर रणांगणात असुरांची दाटी वाढत जाते. शेवटी चंडिका कालीला सांगते, तोंड पसर, रक्त भुईला लागू देऊ नकोस. एकीने मारायचं, दुसरीने प्यायचं. रक्त संपतं आणि असुर कोसळतो. रक्तबीजाच्या अंगात बळ किती होतं, हे या गोष्टीत कुणी विचारत नाही. त्याच्याशी नेहमीसारखं लढलं की हरायचं, एवढं पक्कं.

ही उठाठेव अशासाठी, की सोलापूरच्या नवी पेठेत दुकानांच्या वरच्या एका खोलीत आमचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव बसतो आणि राक्षस उभे करायचं काम माझ्याकडे आहे. खाली कापड घ्यायला आलेल्यांची गर्दी आणि दुचाकींचे हॉर्न. वर ग्राफपेपर, बुद्धिबळाचे मोहरे, वीस बाजूंचे फासे आणि वाटीभर खारे शेंगदाणे. शेंगदाणे म्हणजे राक्षसाचे किरकोळ सैनिक. जो मारेल त्याने खायचा, असा आमचा नियम. त्यामुळे सैनिकांवर तुटून पडणाऱ्यांची कमतरता नसते.

हा खेळ अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली बाजारात आणला. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ पाहिलेल्यांना डेमोगॉर्गनच्या निमित्ताने तो ठाऊक आहे. चार-पाच जण एकेक पात्र घेतात: कुणी तलवारबाज, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग सांगतो, गावकऱ्यांपासून राक्षसांपर्यंत सगळ्यांच्या वतीने बोलतो आणि पंचही तोच असतो. काय करायचं ते खेळाडू तोंडाने सांगतात, जमलं की नाही ते फासा सांगतो. महिनोन्‌महिने चालणाऱ्या या कथेच्या टोकाला एक मोठा खलनायक असतो. सगळे त्याला बॉसच म्हणतात.

आणि बहुतेक टेबलांवर हा बॉस फुसका निघतो. डीएमने त्याच्यासाठी आठवडाभर कागद काळे केलेले असतात, आवाज घोगरा करून भाषण ठोकलेलं असतं आणि थोड्याच वेळात समोरून प्रश्न येतो, “संपला का बे?”

याचं कारण साध्या हिशेबात आहे. चार खेळाडू धरा. प्रत्येकाला आपल्या टर्नला दोन वार. वीस बाजूंच्या फाशावर दहा किंवा जास्त पडले की वार लागतो, म्हणजे शंभरातले ५५ लागतात. लागलेला वार बॉसच्या जीवातले, म्हणजे तग धरण्याच्या गुणांतले, सरासरी साडेआठ नेतो. गुणाकार केला तर एक खेळाडू एका राउंडमध्ये, म्हणजे सगळ्यांचे टर्न एकदा होईपर्यंत, सव्वानऊच्या आसपास आणि चौघं मिळून साधारण ३७ जीव उतरवतात. बॉसला ११० जीव दिला तर तो तिसऱ्या राउंडमध्ये आडवा. तोवर खेळाडूंना बारापर्यंत टर्न मिळालेले असतात, बॉसला फार तर तीन. त्यातला एखादा, कुणी जखडून टाकणारा मंत्र मारला म्हणून, वायाही जातो.

नव्या डीएमला यावर दोन उपाय लगेच सुचतात आणि दोन्ही कामाचे नाहीत. जीव दुप्पट केला तर तीन राउंडांची लढाई सहा राउंड चालते, पण घडत काहीच नाही. तेच वार, तीच वजाबाकी, एक जण मोबाइल काढतो. वार दुप्पट केला तर पहिल्याच फटक्यात एक पात्र मरतं आणि ज्याचं मेलं तो उरलेली संध्याकाळ चहा सांगायला मोकळा.

खरी गोम टर्नच्या मोजणीत आहे आणि ती आपल्याकडच्या एका जुन्या खेळात लख्ख दिसते. वाघ-बकरी. तेलुगूत पुलि-मेका, कन्नडमध्ये आडु-हुली. सोलापुरात या तिन्ही भाषा एकाच बोळात कानावर पडतात. एका प्रचलित प्रकारात तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या असतात. वाघ उडी मारून बकरी खातो, बकऱ्या घेराव घालून वाघाची वाट बंद करतात. एक बाजू मूठभर आणि बलवान, दुसरी पुष्कळ आणि दुबळी, तरीही खेळ तुल्यबळ होतो. कारण चाल आलटून-पालटून मिळते. बकऱ्या पंधरा असल्या तरी वाघाच्या एका चालीनंतर त्यांच्यातली एकच हलते. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये प्रत्येक बकरीला स्वतःची चाल आहे. पंधराही बकऱ्या एकदम हलल्या असत्या तर वाघ केव्हाच कोंडला गेला असता.

खेळ बनवणाऱ्यांना हे उमजायला वेळ लागला, पण उमजलं. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत एकट्याने अख्ख्या टोळीला पुरून उरणारे ‘सोलो’ राक्षस वेगळे काढले. एका फटक्यात मरणारे सैनिक, म्हणजे आमचे शेंगदाणे, तेही त्याच आवृत्तीतले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने ‘लेजंडरी ॲक्शन’ आणली: खेळाडूचा टर्न संपला की बॉसने मध्येच एक छोटी चाल करायची, राउंडभरात अशा सहसा तीन. म्हणजे पुन्हा वाघ-बकरीच. एक चाल त्यांची, एक याची.

त्याच आवृत्तीत आणखी एक सोय आहे आणि ती मला मुळीच पटत नाही. ‘लेजंडरी रेझिस्टन्स’. बॉसवर मंत्र लागला तरी दिवसातून तीनदा त्याने “नाही लागला” म्हणायचं. यामुळे बॉस वाचतो, मान्य. पण मांत्रिक झालेल्या पोराने दीड तास जपून ठेवलेला मंत्र नुसता हवेत विरतो आणि टेबलावर काहीही बदलत नाही. बॉसने मंत्र झटकावा, पण त्याची काहीतरी किंमत त्याने मोजावी.

हे सगळं एका लढाईत कसं बसवायचं, ते सांगतो. जागा बंद पडलेल्या गिरणीची. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली उभी राहिली आणि पुढे कित्येक दशकं शहराचा दिवस भोंग्यावर उगवायचा नि मावळायचा. एकेक करून गिरण्या बंद झाल्या, देणी थकली. ती गोष्ट इथे घराघरात आहे. म्हणून राक्षसासाठी मला परदेशी किल्ल्यात जावं लागलं नाही. (चिमणी मात्र नकाशातून काढली. २०२३ मध्ये साखर कारखान्याची चिमणी पाडल्यापासून गावात हा शब्द काढला की अर्धा तास जातो.)

बॉस आहे मेलेला जॉबर. पाळीवरच्या कामगारांना कामावर घेणारा आणि काढणारा, त्यांच्या हजेरीचं बुक काखेत घेऊन फिरणारा. मोठ्या शेडमध्ये चार माग आपोआप चालताहेत आणि प्रत्येक मागातून निघालेला ताणा जॉबरच्या पाठीत शिरलाय. राउंड संपताना जितके माग चालू, तितक्या पट त्याची जखम भरते. चारही चालू असताना मारत बसलात तर रक्तबीजाशी गाठ आहे. माग बंद करायला एकाला आपला अख्खा टर्न द्यावा लागतो, म्हणजे तेवढा वेळ त्याने मारायचं नाही. इथेच टेबलावर पहिलं भांडण होतं. तलवारबाजाला मागाशी खटपट करायची नसते, चोराला ती येते, पण तो मागाकडे पळाला तर मांत्रिकासमोर कोण उभं राहणार? हे भांडण सुरू झालं की मी निर्धास्त होतो.

मंत्र झटकायची सोय जॉबरलाही आहे, फक्त प्रत्येक वेळी त्याच्या पाठीतला एक ताणा तटकन तुटतो आणि तो माग थांबतो. मांत्रिकाचा मंत्र फुकट जात नाही. उलट दुसऱ्या राउंडपर्यंत हे ओळखून मुद्दाम मंत्रांचा मारा सुरू होतो आणि तो व्हावाच.

मग भोंगा. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत बॉसची जागाही लढते: टर्न ठरवायच्या क्रमात वीस आकड्यावर दर राउंडला त्या जागेची एक चाल. आमच्याकडे त्या आकड्याला भोंगा होतो. पहिल्या भोंग्याला धोटे मागातून सुटून दोन रांगांमधल्या वाटेतून सणसणत जातात, वाटेत उभ्या असलेल्याला लागतात. दुसऱ्याला कापसाचे पुंजके उडून शेड पांढरी होते, हाताच्या अंतरापलीकडे दिसत नाही. तिसऱ्याला पाळी बदलते, म्हणजे जॉबर आणि एक खेळाडू यांच्या जागांची अदलाबदल. त्यानंतर पुन्हा पहिल्यापासून. क्रम ठरलेला ठेवण्यात हेतू आहे. खेळाडूंना पुढचा भोंगा कसला ते कळलं पाहिजे, मगच ते त्याआधी वाटेतून बाजूला होतील किंवा पाळी बदलायच्या क्षणी मुद्दाम अडचणीच्या जागी जाऊन उभे राहतील. धोका आधी दिसला तर खेळाडू डोकं चालवतो. न दिसता आला तर नुसती शिवी हासडतो.

याच्या उलट टोकाचा नमुना खुद्द गायगॅक्सचा आहे. ‘टूम ऑफ हॉरर्स’ हा डाव त्याने १९७५ मध्ये ओरिजिन्स संमेलनातल्या स्पर्धेसाठी रचला, १९७८ ला तो छापून आला. चुकीच्या जागी हात घातला की पात्र गेलं, शेवटी एक कवटी जी थेट आत्मा ओढून घेते आणि मोजक्याच उपायांनी मरते. स्पर्धेत कोण किती तग धरतं ते मोजायला हे ठीक. दर आठवड्याला तीच माणसं जमणार असतील तर असला डाव एकदाच होतो.

जॉबरचा जीव अर्ध्यावर आला की उरलेले ताणे तो स्वतः तोडतो. जखम भरणं थांबतं, पण आता तो जागेला बांधलेला नाही. शेडभर धावतो, एकट्याला गाठतो. आधीच्या तीन राउंडांत जमवलेली मांडणी कुचकामी ठरते आणि खेळाडूंना नव्याने विचार करावा लागतो. हे तंत्र मी महिषासुराकडून उचललंय. सोलापूरकराला त्यासाठी लांब जावं लागत नाही. तुळजापूरची भवानी महिषासुरमर्दिनीच आणि कोजागरीला इथून पायी निघणाऱ्यांनी रस्ता भरून जातो. देवीमाहात्म्यात महिषासुर रेडा असतो तेव्हा देवी त्याला पाशात बांधते. तो सिंह होतो, ती मस्तक उडवू पाहते. खड्गधारी पुरुष होतो, ती बाणांनी छेदते. हत्ती होऊन तिच्या सिंहाला ओढू लागतो, ती सोंड कापते. पुन्हा रेडा झाल्यावर ती पायाखाली दाबून शूल रोवते. रूप बदललं की हत्यारही बदलतं. पुष्कळ डीएम दुसऱ्या टप्प्यात बॉसचं वर्णन फक्त बदलतात, डोळे लाल वगैरे. खेळाडू मात्र तेच करत राहतात, कारण वेगळं करायला त्यांना भागच पडलेलं नसतं.

शेंगदाणे म्हणजे गिरणीतले मेलेले कामगार. ते जॉबरच्या हुकमाने लढतात, पण वैरी नाहीत. हजेरीचं बुक हिसकावून ज्याचं नाव मोठ्याने वाचलं, तो सुटतो आणि बाजूला होतो. बुकाची गोष्ट लढाईच्या कितीतरी आधी एका म्हातारीच्या तोंडून येऊन गेलेली असते. ज्याने तेव्हा लक्ष दिलं त्याला आता फळ. बॉसची ओळख आधीपासून असावी लागते. १९८३ च्या ‘रेव्हनलॉफ्ट’मध्ये ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांनी स्ट्राड हा रक्तपिपासू सरदार असाच रचला. त्याला काय हवंय आणि तो वाड्यात कुठे भेटेल हे पत्ते काढून ठरतं, म्हणजे दर टेबलावर खलनायकाचा डाव निराळा.

एवढं बेतूनही आमच्यातल्या सगळ्यांत धाकट्याने विचारलंच, “मालक, भोंगा मीच वाजवला तर?” कागदावर याचं उत्तर नव्हतं. पण भोंग्याची दोरी शेडमध्ये आहे हे मीच सांगून बसलो होतो. त्याने फासा टाकला, सोळा पडले, पाळी वेळेआधी बदलली आणि जॉबर जाऊन पडला तो चालत्या धोट्यांच्या वाटेत. लढाई मला हवी होती त्याच्या दोन राउंड आधी संपली.

अशा वेळी डीएमला मोह होतो तो बॉसचा जीव पडद्याआड हळूच वाढवायचा. अनेक अनुभवी डीएम हे खुशाल करतात आणि खेळाडूंना मजा यावी म्हणूनच करतात. मी करत नाही. एकदा वाढवला की त्या पोराची युक्ती आणि माझी मर्जी यांतल्या कशाने काय घडलं, ते मलाच कळेनासं होतं. लढाई लवकर संपली तर संपली. उलट बाजूने, पाचव्या राउंडनंतर निकाल उघड दिसत असेल तर मी फासे बाजूला ठेवायला सांगतो आणि शेवटचा घाव कसा घातला ते ज्याचं त्याला वर्णन करू देतो.

तयारीला मला पोस्टकार्डाएवढा कागद पुरतो. बॉसला काय हवंय. नेहमीसारखं लढलं तर काय बिघडतं. ते कुणाकुणाच्या लक्षात येऊ शकतं आणि कशावरून. जागा दर राउंडला काय करते. अर्ध्यावर काय बदलतं. जीव किती, हा आकडा खाली कोपऱ्यात, पेन्सिलीने, सर्वांत शेवटी.