क्षय की क्रोन? आतड्याच्या चित्राची साक्ष

पोटात उजवीकडे खाली, लहान आतडे जेथे मोठ्या आतड्याला मिळते, त्या सांध्यावर सूज आढळली, वजन उतरू लागले, संध्याकाळी कणकण येऊ लागली, की आपल्याकडे डॉक्टरांच्या मनात प्रथम नाव येते ते क्षयाचे. पण त्याच जागी, जवळजवळ तीच लक्षणे घेऊन दुसरा एक रोग येतो. न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर या तिघांनी १९३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव मात्र एकट्या क्रोन यांचे राहिले.

हा केवळ नावाचा वाद असता, तर श्रोतेहो, तो डॉक्टरांवर सोपवून आपण घरी गेलो असतो. परंतु क्षय जंतूंमुळे होतो, आणि क्रोनच्या रोगात शरीराची संरक्षक शक्तीच आतड्यावर उलटते. म्हणून क्रोनची औषधे त्या शक्तीला लगाम घालतात. तीच चुकून क्षयाच्या रोग्याला दिली, तर जंतूंना रान मोकळे मिळते. उलट क्रोनच्या रोग्याला महिनोन्‌महिने नुसती क्षयाची औषधे देत राहिले, तर तेवढ्या काळात आतडे अरुंद होत जाऊन शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते.

पूर्वी बेरियमचे पांढरे पेय पाजून क्ष-किरणांनी आतड्याची छाया पाहत. क्षयाने आक्रसून वर ओढली गेलेली मोठ्या आतड्याची पहिली पिशवी आणि तिचे सताड उघडे दार त्यात दिसे. पण ती आतल्या पोकळीची छाया. भिंतीपलीकडचे फारसे कळत नसे. १९७१ साली हौन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे छेदचित्र घेतले, आणि तो सी. टी. स्कॅन पुढे पोटापर्यंत पोचल्यावर भिंतीबाहेरचा मुलूखही दिसू लागला. शेजारच्या गाठी मोठ्या असून त्यांचा मध्य काळपट, म्हणजे आतून सडलेला दिसला, तर पारडे क्षयाकडे चांगलेच झुकते. माझ्या मते सर्वांत भरवशाची खूण हीच. पण ती प्रत्येक रोग्यात सापडत नाही. क्रोनमध्ये आतड्याचा लांब पट्टा सुजतो, मध्ये निरोगी भाग सोडून पुन्हा सूज लागते, आणि तिकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या फणीच्या दातांसारख्या उभ्या दिसतात. मात्र ही फणी कधीकधी क्षयातही दिसते.

मग दुर्बिणीने तुकडा काढून तपासतात. तरीही निवाडा झाला नाही, तर पुष्कळदा क्षयाची औषधे सुरू करून दोनेक महिन्यांनी आतडे पुन्हा पाहतात. क्षयाचे व्रण तोवर बहुधा भरू लागलेले असतात. क्रोनच्या रोग्यालाही या औषधांनी काही काळ बरे वाटते, पण व्रण तसेच राहतात. म्हणून नुसत्या त्याच्या सांगण्यावर न थांबता दुर्बीण पुन्हा घालावी लागते.