मनोरा कुणाचा, किल्ली कुणाकडे

2025 च्या उन्हाळ्यात अमेरिकी सरकारने आदिवासी महाविद्यालयांच्या अनुदानाला कात्री सुचवली: सुमारे 18.3 कोटी डॉलरवरून थेट 2.2 कोटी. त्याआधी फेब्रुवारीत कॅन्ससमधल्या हॅस्केल या आदिवासींसाठीच्या विद्यापीठातल्या अनेक कर्मचाऱ्यांना एका फटक्यात घरी बसवलं गेलं. काहींना पुढे परत बोलावलं. सप्टेंबरमध्ये शिक्षण खात्याने एकरकमी जादा मदत जाहीर केली खरी. पण एकरकमी पैशातून यंत्रं येतात, ती सांभाळणारा माणूस टिकत नाही. या महाविद्यालयांच्या संगणक प्रकल्पांचा पाव शतकाचा इतिहास नेमका याच ठिकाणी अडखळत आला आहे.

ही महाविद्यालयं म्हणजे आपल्याकडच्या सरकारी आश्रमशाळांसारखं प्रकरण नव्हे. त्यातली बहुतेक जमातींनीच सनद देऊन काढलेली आहेत. पहिलं 1968 मध्ये नावाहो जमातीने काढलं, आजचं दिने कॉलेज. पुढची तीसेक वर्षं कायदे, समित्या आणि अर्जविनंत्यांत गेली. ती ओलांडलेली बरी. फक्त नावाहो भूमीवरचं शिपरॉक विसरू नये. फेअरचाइल्ड कंपनीने 1965 पासून तिथे नावाहो स्त्रियांकडून इंटिग्रेटेड सर्किट्स जुळवून घेतली, माहितीपत्रकात त्यांच्या विणकामाचे गोडवे गायले, आणि 1975 मध्ये आंदोलकांनी कारखान्याचा ताबा घेताच गाशा गुंडाळला. हात आदिवासींचे, हिशेब बाहेरच्यांचा.

खरा रंग भरला 2000 नंतरच्या दशकात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने 2001 मध्ये या महाविद्यालयांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. त्याच सुमारास सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने भूकंपमापक आणि पालोमार वेधशाळा जोडायला डोंगरांवर बिनतारी जाळं उभारलं आणि पाला, रिंकॉन, ला होया या आदिवासी वस्त्याही त्याला जोडल्या. तिथल्या जमातींनी मात्र विद्यापीठाच्या जोडणीवर समाधान मानलं नाही. ह्यूलेट-पॅकर्डकडून 50 लाख डॉलरचं साहाय्य मिळवून त्यांनी ‘ट्रायबल डिजिटल व्हिलेज’ उभं केलं. सौरऊर्जेवरचे मनोरे त्यांचे, दुरुस्तीला चढणारी माणसंही त्यांचीच.

न्यू मेक्सिकोत क्राउनपॉइंटच्या नावाहो तंत्र महाविद्यालयाने ‘इंटरनेट टू द होगन’ हे स्वप्न मांडलं. होगन म्हणजे नावाहोंचं पारंपरिक घर. न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या मदतीने आल्बुकर्कची वेगवान जोडणी महाविद्यालयात आणायची आणि तिथून गावोगाव न्यायची, असा बेत. नावाहो भूमी सुमारे 71,000 चौरस किलोमीटर, म्हणजे विदर्भाचा जवळजवळ पाऊण हिस्सा. त्यामुळे हे धाडसच होतं. एप्रिल 2008 मध्ये त्याची निकडही दिसली. सरकारी निधीचे पैसे हिशेबाच्या वादात अडकले, उपग्रह कंपनीने सेवा तोडली आणि चॅप्टर हाउसांतलं, म्हणजे तिथल्या गावसभांच्या कचेऱ्यांतलं इंटरनेट बंद पडलं.

विद्यापीठांनी शिकवलं तसं शिकूनही घेतलं, निदान काहींनी. रेन्सेलर इन्स्टिट्यूटचे रॉन एग्लॅश यांनी आदिवासींच्या मणीकामावर आधारित ‘व्हर्च्युअल बीड लूम’ तयार केला. आयडाहोतल्या शोशोनी-बॅनक शाळेत तो वापरला गेला. संगणकाच्या ठरावीक रीतीने काढलेल्या त्रिकोणाच्या कडा वेड्यावाकड्या येत. मणीकाम करणाऱ्यांच्या कडा सरळ. मग त्यांची रीत समजून घेऊन प्रणालीत नवं साधन घालावं लागलं. प्राध्यापकाला आपला अल्गोरिदम मागे घ्यायला लावणारी अशी भागीदारी दुर्मीळच.

बाकीच्यांबाबतचा अनुभव कडवट. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी हवासुपाई जमातीच्या लोकांचं रक्त मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलं आणि स्किझोफ्रेनिया, स्थलांतर अशा विषयांच्या संशोधनाला वापरलं. 2010 मध्ये 7 लाख डॉलर देऊन तडजोड झाली, नमुने परत गेले. हे रक्ताबाबत घडलं. सर्व्हरवरच्या माहितीबाबत घडायला तर कुणाच्या दारातही जावं लागत नाही. विद्यापीठं तरीही माहिती देताना जमाती दाखवत असलेल्या सावधपणाला ‘सहकार्याचा अभाव’ म्हणणार असतील, तर तो उद्धटपणाच.

2015 मध्ये मोंटानाच्या सेलिश कूटनाई महाविद्यालयाचा छोटा उपग्रह ‘बायसनसॅट’ अवकाशात गेला. 2020 मध्ये जमातींना आपल्या भूमीवरच्या 2.5 गिगाहर्ट्झ रेडिओ लहरींचे परवाने विनामूल्य मागता आले. कुवत आणि हक्क, दोन्ही हाताशी आले असताना 2025 मध्ये अनुदानाला ही कात्री सुचवली गेली.

मोठ्या विद्यापीठांना या काळात खरंच सोबत करायची असेल, तर संयुक्त अर्जातला निधी महाविद्यालयाच्या खात्यात जाऊ द्यावा, डेटावरचा हक्क जमातीचा असल्याचं आधी लिहून द्यावं आणि तंत्रज्ञाच्या दहा वर्षांच्या पगाराची तरतूद त्या अर्जातच करावी.