अटलांटिकवरील चौविहार

उन्हाळाभर बार्सिलोना, रोम, अथेन्स या परिसरात फिरणारी क्रूझ जहाजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भूमध्य समुद्राचा निरोप घेतात आणि हिवाळ्यासाठी कॅरिबियन बेटांकडे जातात. एप्रिल-मे महिन्यांत तीच जहाजे युरोपकडे परततात. वर्षातून दोनदा घडणाऱ्या या स्थलांतराच्या सफरीला रिपोझिशनिंग क्रूझ असे नाव आहे. मुंबईकरांना याचा घरचा नमुना ठाऊक असेल: कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज गेल्या काही वर्षांत पावसाळ्यात मुंबई सोडून चेन्नईला गेले आहे. साधू-साध्वी चातुर्मासासाठी एका गावी स्थिर होतात, नेमके त्याच सुमारास जहाज गाव बदलते, हा योगायोग मोठा गमतीचा.

रिकामे जहाज महासागरापार नेण्यापेक्षा प्रवासी घेऊन जाणे कंपनीला परवडते. त्यामुळे या सफरींचे दर रात्रीचे भाडे ऐन हंगामापेक्षा पुष्कळदा कमी असते आणि एरवी केवळ माहितीपत्रकात पाहायचा सुइट आवाक्यात येतो. निवृत्त दांपत्यांना, तसेच अमेरिकेतील मुलांकडे जाऊन परतणाऱ्या आईवडिलांना हा मार्ग मोहवतो. मात्र बारा ते सोळा रात्रींच्या या प्रवासात सलग सहा-आठ दिवस भूमी दिसत नाही. शहरातील उपाहारगृहात सोय झाली नाही, तर दुसरीकडे जाता येते. अटलांटिकच्या मध्यावर तो पर्याय उरत नाही. म्हणून सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या आणि कंदमुळे वर्ज्य मानणाऱ्या कुटुंबाने सुइटची छायाचित्रे न्याहाळण्याआधी दोन गोष्टी समोर ठेवाव्यात: पंचांग आणि सूर्य.

पंचांग अशासाठी की, शरद ऋतूतील बहुतेक सफरी चातुर्मासाच्या अखेरीस पडतात. चातुर्मासात दूरचा प्रवास न करण्याचा ज्यांचा नियम आहे, त्यांनी कार्तिकी पौर्णिमेनंतरचेच जहाज पाहावे. ही तिथी इंग्रजी तारखेशी बांधलेली नाही. २०२५ मध्ये ती ५ नोव्हेंबरला होती. २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे ती २४ नोव्हेंबरवर जाते. एका वर्षी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातील सफर निर्वेध, तर दुसऱ्या वर्षी तीच चातुर्मासात. जहाजांची वेळापत्रके दीड-दोन वर्षे आधी जाहीर होतात, तेव्हा तिथी काढून ठेवण्यास वेळ भरपूर मिळतो. आयंबिल ओळी आश्विन आणि चैत्रात येते, म्हणजे जहाजांच्या दोन्ही स्थलांतरांच्या आगेमागे. ओळीत ज्याची कथा ऐकायची, तो श्रीपाल राजा धवल शेठच्या ताफ्याबरोबर समुद्रप्रवासालाच निघाला होता, हे अशा वेळी आठवल्यावाचून राहत नाही. कार्तिकातील अष्टान्हिका पर्व करणाऱ्या दिगंबर कुटुंबांनाही हाच हिशेब लागू पडतो.

ज्यांनी दिग्व्रत घेतले आहे, त्यांचा प्रश्न याहून मूलभूत आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात दिशांची मर्यादा आखण्यासाठी ज्या खुणा सांगितल्या आहेत, त्यांत नदी, अरण्य, पर्वत, देश आणि योजने यांच्या बरोबरीने समुद्रही आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी तरुणपणी घेतलेली मर्यादा नेमकी कोणती, हे तिकीट काढल्यावर नव्हे, आधी विचारावे. नित्य चौदा नियम धारणाऱ्यांना तर जहाजावर रोजच विचार करावा लागतो, कारण वाहन, शयन आणि दिशा हे त्या चौदांतलेच तीन आहेत. आणि द्रव्यांची संख्या मोजणाऱ्याची खरी परीक्षा बुफेपुढे होते.

आता सूर्य. जहाज ताशी वीस सागरी मैलांच्या वेगाने पश्चिमेकडे जात असेल, तर दिवसाला ४८० सागरी मैल कापते. कॅनरी बेटांच्या अक्षांशावर हे अंतर सुमारे नऊ रेखांश भरते. एका रेखांशाला चार मिनिटे धरली, तर सूर्यास्त रोज सुमारे ३६ मिनिटे उशिरा होतो. बार्सिलोना आणि मायामी यांच्या घड्याळांत हिवाळी वेळेनुसार सहा तासांचा फरक आहे. तो भरून काढण्यासाठी जहाजावरील घड्याळे वाटेत सहा रात्री एकेक तास मागे घेतली जातात. परिणामी सूर्यास्ताची घड्याळातली वेळ एक-दोन दिवस पुढे सरकते आणि मग एका रात्रीत अर्ध्या तासाने मागे येते. काल सव्वासहाला जेवून उठलो, म्हणून आजही चालेल, हा तर्क येथे घात करतो. नोव्हेंबरच्या आरंभी मदेइरा बेटावरील फुंशाल येथे सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. मायामीला पोहोचेपर्यंत ती वेळ साडेपाचच्या जवळ आलेली असते. जहाजावरच्या मुख्य भोजनगृहाची पहिली पंगत साधारण साडेपाच ते सहाला बसते. म्हणजे प्रवासाच्या उत्तरार्धात पहिल्या पंगतीलाही चौविहार साधेल, याची खात्री देता येत नाही.

वसंतातील पूर्वाभिमुख सफरीत चित्र उलटते. दिवस २३ तासांचे होतात, झोप तुटते, पण ऋतू आणि उत्तरेकडील अक्षांश साहाय्याला येतात. इंग्लंडच्या साउदॅम्प्टन बंदरात मे महिन्यात सूर्य रात्री साडेआठ-नऊपर्यंत आकाशात असतो, त्यामुळे दोन्ही पंगती प्रकाशात होतात. उपवास करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, पश्चिमेकडे जाताना एका सूर्यास्तापासून तिसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंतचा काळ सुमारे तासभराने वाढतो आणि पूर्वेकडे जाताना तेवढाच घटतो. निव्वळ आहाराच्या सोयीचा विचार केला, तर जैन कुटुंबासाठी वसंतातील सफर सरस ठरते. समुद्राच्या स्वभावाचा विचार केला, तर शरदातील. कारण १४९२ मध्ये कोलंबस ज्या वाऱ्यांवर कॅनरी बेटांहून पश्चिमेला गेला, तेच व्यापारी वारे तेव्हा जहाजाच्या पाठीशी असतात. उत्तर अटलांटिकवर एप्रिलमध्ये लाटा अजून उग्र असतात.

सुइटकडे वळायचे ते हा निर्णय झाल्यावर. सुइट हा शब्द फसवा आहे. ‘ज्युनियर’ किंवा ‘मिनी’ असे विशेषण लावलेली खोली बहुधा एकच मोठी खोली असते. स्वतंत्र शयनगृह नसते, आणि काही कंपन्या तिला राखीव भोजनगृह किंवा सेवक या सवलतीही देत नाहीत. शिवाय बहुतेक मोठे सुइट वरच्या डेकवर किंवा जहाजाच्या दोन्ही टोकांना असतात, आणि जहाज सर्वांत जास्त हलते ते तेथेच. डोलणे किमान हवे असेल, तर जहाजाच्या मधोमध, खालच्या डेकवर राहावे. मागच्या टोकाच्या सुइटला प्रशस्त बाल्कनी असते, पण इंजिनाची थरथरही जाणवू शकते. डोक्यावर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल, तर पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज सुरू होतो, आणि ती वेळ नेमकी सामायिकाची. डेकचा नकाशा मागवून आपल्या खोलीच्या वर आणि खाली काय आहे, ते पाहावे. दोन्हीकडे प्रवाशांच्याच खोल्या असतील, तर उत्तम. जीवरक्षक नौकांच्या ओळीमागील बाल्कनीतून समुद्राऐवजी नौकेचे बूडच दिसते. भाडे कमी करून खोलीचा क्रमांक कंपनीवर सोपवण्याची जी योजना असते, ती वृद्धांसाठी घेऊ नये.

बाजूही निवडून घ्यावी. पश्चिमेकडे जाताना दक्षिण डाव्या हाताला येते, म्हणून नोव्हेंबरचे ऊन डाव्या बाजूच्या बाल्कन्यांत पडते. पूर्वेकडे परतताना ते उजव्या बाजूला येते. ‘पॉश’ हा शब्द याच विचारातून, इंग्लंड-मुंबई मार्गावरील श्रीमंतांच्या केबिनींवरून आला, अशी कथा प्रसिद्ध आहे. कोशकारांना मात्र तिला पुष्टी देणारे एकही जुने तिकीट सापडलेले नाही. शरदातील सफरीत सूर्यास्त जवळजवळ जहाजाच्या समोर होतो, त्यामुळे तो कोणत्याच बाजूच्या बाल्कनीतून नीट दिसत नाही. सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ जहाजाच्या रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत पाहावी. तेथे नसेल, तर स्वागतकक्षात विचारावी.

मग सुइटचा खरा उपयोग कोणता? संगमरवरी स्नानगृह नव्हे. अनेक कंपन्या सुइटमधील प्रवाशांना मुख्य भोजनगृहातील जेवण खोलीत आणून देतात, आणि त्यासाठी पंगतीच्या वेळेचे बंधन नसते. पावणेपाचला ताट मांडून घेण्याची ही मुभा चौविहार पाळणाऱ्याला मिळणार असेल, तर जादा पैशांचे सार्थक झाले. ती मिळत नसेल, किंवा घरात असा नियम पाळणारे कोणी नसेल, तर चौघांसाठी उंचावरचा एक सुइट घेण्यापेक्षा जहाजाच्या मध्यभागी, आतून दार असलेल्या शेजारशेजारच्या दोन साध्या बाल्कनी केबिनी अधिक शहाणपणाच्या. दोन स्नानगृहे मिळतात, आणि आजी-आजोबा नातवंडांच्या हाकेच्या अंतरावर राहतात. सुइटला दर माणशी दररोजचे सेवाशुल्क अधिक असते. चौदा दिवसांत ती रक्कम डोळ्यांत भरते.

आहाराची मागणी आरक्षणाबरोबर लेखी द्यावी आणि निघण्यापूर्वी दोन-तीन महिने तिची पुन्हा खातरजमा करावी. ‘जैन भोजन’ एवढेच लिहून भागत नाही. मांस, मासे, अंडी, मध, जिलेटिन, कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट, मुळा यांतले काय चालत नाही, ते एकेक नाव घेऊन लिहावे. दह्यात जिलेटिन आणि चीजमध्ये प्राणिज रेनेट असू शकते. तळणीची कढई सामायिक असू शकते. शेवटचे बंदर सुटल्यावर भाजीपाला येत नाही, म्हणून सातव्या दिवशी पालेभाजीची अपेक्षा कोणीच करू नये. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी टाळणाऱ्यांना त्याचे काही वाटणार नाही. उकळलेले पाणी हवे असल्यास तेही लिहावे, कारण खोलीत स्वतःची विजेची किटली वापरण्यास बहुतेक जहाजांवर बंदी आहे. आणि हेही स्पष्ट बोललेले बरे: शोधाचा, स्वतःच्या चुलीवरचाच आहार घेणाऱ्या व्रतींसाठी ही सफर नाही. तेथे कोणताही सुइट उपयोगी पडत नाही.

खाकरा, मेथीचे ठेपले, भाजलेले मूग घरातून नेताना कारखान्यातील बंद वेष्टनच घ्यावे, कारण घरी शिजवलेले पदार्थ अनेक जहाजांवर चढू देत नाहीत. युरोपीय संघात भारतातून दूध-दुभत्याचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून पेढे आणि तूप घरीच ठेवावे. अमेरिकेत उतरताना ताजी फळे जहाजावरच सोडावी लागतात.

परवान्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. बार्सिलोनाहून मायामीला जाणाऱ्या भारतीय पारपत्रधारकाकडे शेंगेन आणि अमेरिका असे दोन्ही व्हिसा चढतानाच लागतात. वाटेत मोरोक्कोचे कॅसाब्लांका बंदर करून जहाज पुन्हा कॅनरी बेटांवर जाणार असेल, तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत महिनोन्महिने लांबू शकते, म्हणून तो हाती असल्याशिवाय परत न मिळणारी रक्कम भरू नये. विमानाचे तिकीट जाण्याचे एका शहराचे आणि परतीचे दुसऱ्या शहराहून असे काढावे लागते आणि बंदरावर निदान एक दिवस आधी पोहोचावे लागते. जहाज कोणासाठी थांबत नाही. महासागराच्या मध्यावर हेलिकॉप्टर पोहोचत नाही. तेथे जहाजावरचा डॉक्टर हाच आधार. म्हणून वृद्धांची औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर अधिक, हातातल्या पिशवीत ठेवावीत. विम्यात रुग्णाला हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे की नाही, हे वाचून घ्यावे.

जहाजावर चढल्याच्या पहिल्याच दुपारी, सामान खोलीत येण्यापूर्वी, भोजनगृहाच्या प्रमुखाला भेटावे. लेखी मागणीची प्रत त्याच्या हाती द्यावी, पुढच्या चौदा दिवसांच्या सूर्यास्ताच्या वेळांचा कागद त्याला दाखवावा आणि दुसऱ्या दिवशीचे जेवण आदल्या संध्याकाळी ठरवण्याची पद्धत लावून घ्यावी. स्वयंपाकघराला एक रात्र आधी कळले, तर कांद्याशिवायची आमटी नक्की मिळते.