शंखांचा फेरफार

सहस्रकुंडाच्या गर्जनेत ज्याचे बालपण गेले आणि पैनगंगेच्या काळ्या खडकांतील कपारींत हात घालून खेकडे काढण्यापायी ज्याने शाळेचे कितीतरी प्रहर बुडविले, त्या इस्लापूरच्या माणसाला साठी उलटल्यावर समुद्राचे प्रथमदर्शन घडावे आणि तेथेही त्याची दृष्टी अखेर खेकड्यावरच खिळावी, हा पूर्वसंस्कारांचा महिमाच म्हणावयाचा.

अंदमानास जाणारा मराठी माणूस प्रथम सावरकरांच्या कोठडीपुढे नतमस्तक होतो. तसे आम्हीही झालो, आणि दुसऱ्या दिवशी वांडूर गाठले. कर्तव्य म्हणून थोडी माहिती देतो. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमपासून, सुमारे ३० किलोमीटरांवरील या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९८३ सालची, क्षेत्र २८१.५ चौरस किलोमीटर, बेटे १५. त्यांपैकी जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोनच प्रवाशांस, तीही ऋतुमानाप्रमाणे आळीपाळीने, खुली असतात. वनखात्याचा परवाना लागतो, प्लास्टिक नेण्यास मनाई आहे. काचेच्या तळाच्या नावेतून प्रवाळ दिसतात. ते पाहून सौ. तासभर अवाक्षर बोलली नाही, एवढे सांगितले म्हणजे आमच्या परिचितांस पुरे.

जॉली बॉयच्या शुभ्र वाळूवरचा एक सुबक शंख मी सहज तळहातावर घेतला, तो क्षणभराने त्याला पाय फुटले. “आबा, शंख चालतोय!” नातू ओरडला. हा शंखवासी खेकडा. याच्या पाठीमागचा भाग कवचहीन, मऊ आणि शंखाच्या वळणात बसेल असा वाकडा. म्हणून मेलेल्या गोगलगाईचे घर ताब्यात घेतल्यावाचून याचा निभाव लागत नाही. राहतो जमिनीवर, परंतु श्वास कल्ल्यांनी घेतो, त्यामुळे शंखात थोडे पाणी बाळगून हिंडतो. आमच्या पैनगंगेची खेकडीण पिले पोटाखाली घेऊन फिरते आणि ती जन्मतःच पुरते खेकडे असतात. याच्या मादीला मात्र अंडी समुद्राच्या स्वाधीन करावी लागतात, आणि लाटांवर वाढलेले पोर पहिला इवलासा शंख शोधून मगच किनाऱ्याला लागते.

चौतीस वर्षे महसूल खात्याची दप्तरे सांभाळलेल्या मला खरी भुरळ घातली ती यांच्या घरबदलाच्या रिवाजाने. अंग वाढले की घर अपुरे पडते. मोठा रिकामा शंख सापडला आणि तो आपल्याला सैल झाला, तर खेकडा पुष्कळदा तेथेच थांबतो. दुसरे येतात, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत रांग लागते, आणि योग्य मापाचा धनी येऊन आत शिरताच त्याचे सोडलेले घर दुसऱ्याकडे, दुसऱ्याचे तिसऱ्याकडे, असे सारे फेरफार काही क्षणांत मंजूर होतात. मागे उरतो सर्वांत लहान शंख. ना नोटीस, ना हरकत, ना तारखा! आमच्या तहसिलीत एका वारसाच्या नोंदीस लागलेला काळ आठवून मला लाज वाटली. शिवाय वापराने शंख आतून झिजून प्रशस्त होतो, म्हणून जुनी वहिवाटीची घरेच यांना अधिक प्रिय. शोभेसाठी शंख खिशात घालणारा प्रवासी कोणाची तरी मिळकत उचलतो, हे तेथील बंदीच्या पाटीपेक्षा या रांगेच्या विचाराने मला अधिक पटले.

ती रांग डोळ्यांनी पाहावी म्हणून एक रिकामा शंख, तो खरोखर रिकामा असल्याची तीनदा खात्री करून, वाळूवर ठेवला आणि सावलीत बसून राहिलो. जेवण निवले. अखेर एकजण आला. मुरब्बी गिऱ्हाइकासारखा त्याने शंख उलटासुलटा केला, आत नांगी घालून खोली चाचपली, आणि जुन्याच घरासह झुडपांत चालता झाला. तोच नावाड्याने हाक दिली.