रान खाली आणणारी गाडी

तुमच्यापैकी काही जण नेरळहून माथेरानला छोट्या गाडीने गेले असतील. जे गेले नसतील त्यांनी तिचे चित्र तरी पाहिले असेल. ही गाडी अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी 1907 साली सुरू केली. माणसांना डोंगरमाथ्यावरच्या रानात, थंड हवेत नेता यावे, हा तिचा हेतू. त्याच सुमारास आशियाच्या पूर्व टोकाला, तैवान बेटावर, आणखी एका डोंगरी रेल्वेचे काम चालले होते. तिचा हेतू मात्र अगदी उलट होता. डोंगरावरचे रान तोडून खाली आणायचे होते. या पाठात आपण त्या गाडीने प्रवास करणार आहोत. नकाशा उघडून समोर ठेवा.

चीनच्या आग्नेय किनाऱ्यासमोर झाडाच्या पानासारखे एक बेट दिसेल. ते तैवान. बेटाच्या मधून कर्कवृत्त जाते. हेच कर्कवृत्त आपल्या देशात गुजरात, मध्य प्रदेश या राज्यांतून जाते, म्हणजे तैवानचे सपाट प्रदेश आपल्यासारखेच उष्ण आहेत. पश्चिमेच्या मैदानात चियायी नावाचे शहर आहे. ते समुद्रसपाटीपासून जेमतेम 30 मीटर उंचीवर आहे. आपली गाडी येथून निघते आणि पूर्वेकडच्या अलिशान पर्वतात 2,216 मीटर उंचीवर जाते. अंतर 71 किलोमीटर. वेळ लागतो सुमारे पाच तास. सायकलस्वारालाही हा वेग फार वाटणार नाही!

एवढा खटाटोप कोणत्या झाडांसाठी केला, ते आधी पाहू. उर्दू शायरीत उंच, सरळ बांध्याच्या व्यक्तीला ‘सर्व’ या झाडाची उपमा देतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. (मराठीत ‘सर्व’ म्हणजे ‘सगळे’. निबंध लिहिताना घोटाळा करू नका.) तोच फारसी शब्द मराठीत ‘सुरू’ होऊन आला. पण कोकणच्या किनाऱ्यावर ज्याला आपण सुरू म्हणतो ते झाड वेगळेच आहे. खऱ्या ‘सर्व’ला इंग्रजीत सायप्रस म्हणतात. अलिशानच्या माथ्यावर त्याच कुळातील दोन जातींचे प्रचंड वृक्ष होते. काही हजार, दोन हजार वर्षांचे, तर काही त्याहूनही जुने. त्यांच्या लाकडात सुगंधी तेल असते. म्हणून त्याला कीड सहजासहजी लागत नाही आणि ते लवकर कुजतही नाही. घरे, देवळे, पूल बांधणाऱ्यांना आणखी काय हवे?

1895 पासून 1945 पर्यंत तैवानवर जपानचे राज्य होते. जपानमध्ये अशा लाकडाला मोठी मागणी. राज्यकर्त्यांनी अलिशानच्या जंगलाची पाहणी केली आणि ते लाकूड खाली आणायचे ठरवले. त्या डोंगरात त्सोऊ नावाचे आदिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. तेथील रानात शिकार करून ते जगत. झाडे कोणाची, हा प्रश्न त्यांना विचारून सोडवला गेला नाही. त्या काळी जगात बहुतेक ठिकाणी हीच रीत होती, आपल्याकडेही होती.

1906 मध्ये एका खाजगी कंपनीने रेल्वेचे काम हाती घेतले. दोन वर्षांत तिने हात टेकले. डोंगर अवघड होता आणि खर्च आवाक्याबाहेर गेला होता. 1910 मध्ये सरकारनेच काम पुन्हा सुरू केले. 1912 च्या अखेरीस रूळ अर्वानपिंग या ठिकाणापर्यंत पोहोचले आणि लाकूड खाली येऊ लागले. 1914 मध्ये ते आणखी वर, जंगलाच्या पोटात गेले.

आता खरी गंमत समजून घ्या. आगगाडीला चढण आवडत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावरून सहज घरंगळते, म्हणून तर एक इंजिन इतके डबे ओढू शकते. पण चढ आला की हाच गुण दोष बनतो आणि चाके जागच्या जागी घसरू लागतात. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाट तुम्ही ऐकला असेल. तेथे 37 मीटर पुढे गेले की एक मीटर वर जातो, इतका चढ आहे, आणि तेवढ्यासाठीही गाडीला जादा इंजिने लावावी लागतात. अलिशानच्या मार्गावर काही ठिकाणी 16 मीटरला एक मीटर चढ आहे!

त्यासाठी अभियंत्यांनी काय केले? प्रथम रूळ अरुंद ठेवले. दोन रुळांमधील अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. आपल्याकडची जुनी बार्शी लाइट रेल्वे याच मापाची होती. माथेरानची गाडी त्याहून थोडी अरुंद, दोन फुटांची आहे. रूळ अरुंद असले आणि डबे लहान असले की गाडी अगदी तीव्र वळणावरूनही वळू शकते. डोंगराच्या कडेला रस्ताही कमी कापावा लागतो.

पण नुसत्या वळणांनी भागले नाही. वाटेत तूलीशान नावाचा एक डोंगर आडवा येतो. एकदा वर्गात मी फळ्यावर तो काढला आणि विचारले, “गाडी याच्यावर कशी चढवाल?” मागच्या बाकावरून उत्तर आले, “सर, मिनारावर चढतात तशी!” उत्तर अगदी बरोबर होते. मिनाराच्या आत जिना गोल गोल फिरत वर जातो, म्हणून थोड्या जागेत पुष्कळ उंची गाठता येते. तूलीशानवर रूळ तसेच फिरतात. गाडी डोंगराला तीन वेळा वळसा घालते, बोगद्यांतून आत-बाहेर करते आणि शेवटी इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वळण घेऊन बाहेर पडते. पायथ्याशी चांगनावल्याव नावाचे लहानसे स्थानक आहे. या नावाचा अर्थ ‘कापराची झोपडी’. पूर्वी येथे झाडापासून कापूर काढत. गाडीत बसून तुम्ही हे स्थानक सोडता. थोड्या वेळाने खिडकीतून पाहता तर तेच स्थानक खाली दिसते. पुन्हा काही वेळाने पाहावे तर तेच, पण आणखी लहान झालेले. नवख्या प्रवाशाला वाटावे की गाडी वाट चुकली.

आणखी वर गेल्यावर डोंगर इतका उभा होतो की वळसा घालायलाही जागा उरत नाही. तेथे दुसरी युक्ती आहे. गाडी एका दिशेने चढत जाते आणि रूळ संपतात. समोर डोंगराची भिंत असते. गाडी थांबते, सांधा बदलतो, आणि मग ती उलट दिशेने, पण वरच्या रुळावरून चढू लागते. पुढे पुन्हा भिंत, पुन्हा उलट. इंग्रजी झेड हे अक्षर लिहावे तशी ही वाट आहे. खंडाळ्याजवळही पूर्वी असे स्थानक होते. तेथे गाडी उलटी फिरवावी लागे. नवा मार्ग झाल्यावर 1929 मध्ये ते बंद झाले. अलिशानला मात्र ही पद्धत अजून चालू आहे. चढताना इंजिन डब्यांच्या खालच्या बाजूला जोडतात. म्हणजे चुकून एखादी कडी सुटली तरी डबे घरंगळत मागे जाणार नाहीत.

आणि इंजिन? जुन्या काळी येथे अमेरिकेत बनलेली ‘शे’ जातीची वाफेची इंजिने होती. एफ्रेम शे हा स्वतः लाकडाच्या धंद्यातला माणूस. नेहमीच्या इंजिनात वाफेचा दट्ट्या काही मोठ्या चाकांनाच फिरवतो. शे इंजिनात दट्टे उभे आणि एका बाजूला असतात. ते एक लांब दांडा फिरवतात आणि तो दांडा दातेरी चाकांनी इंजिनाच्या सगळ्या चाकांना जोडलेला असतो. त्यामुळे वेग कमी होतो, पण सगळी चाके रूळ धरून ठेवतात. आज नेहमीच्या गाड्या डिझेल इंजिने ओढतात. शे इंजिन खास प्रसंगी बाहेर काढतात, तेव्हा बघ्यांची गर्दी होते.

खिडकीबाहेरही एक प्रवास चालू असतो. खाली सुपारी, केळी आणि बांबू दिसतात. मग कापराची झाडे लागतात, त्यानंतर चहाचे मळे. साधारण 1,400 मीटरवर फनचीहू हे स्थानक येते. नावात ‘हू’ म्हणजे तळे असले तरी तेथे तळे नाही. तीन बाजूंना डोंगर आणि एक बाजू उघडी, अशी ही जागा सुपासारखी आहे, म्हणून तिला सूप या अर्थाचे नाव पडले. येथे जेवणाचे डबे विकण्याची जुनी प्रथा आहे. दर हजार मीटरला तापमान सुमारे सहा अंशांनी घटते, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. तेव्हा चियायीत घाम पुसणारा प्रवासी वर पोहोचेपर्यंत स्वेटर का शोधतो, याचा हिशेब तुम्हीच करा.

शेवटी गाडी धुक्यात शिरते. दोन्ही बाजूंना उंच, सरळ झाडे उभी असतात. प्रवासी “काय हे जंगल!” म्हणून माना वर करतात. पण नीट पाहिले तर कळते की यांतील बरीचशी झाडे जुनी नाहीत. मूळ वृक्ष तोडल्यावर त्या जागी जपानी देवदाराची रोपे लावली गेली. आज पाहुण्यांना भुलवणारे रान पुष्कळसे हेच आहे. जुन्या वृक्षांचे प्रचंड बुंधे मध्ये मध्ये दिसतात. काही इतके रुंद की त्यांच्यावर आठ-दहा मुले सहज बसतील. 1935 मध्ये, तोड चालू असतानाच, जपानी लोकांनी तोडलेल्या झाडांच्या आत्म्यांसाठी एक दगडी स्तंभ उभारला. त्याच्या पायथ्याची वर्तुळे झाडाच्या खोडातील वर्तुळांची आठवण देतात. कुऱ्हाडही चालते आणि माफीही मागितली जाते! मला हे विचित्र वाटते. तुम्हांला काय वाटते ते वर्गात सांगा.

वृक्षतोड 1960 च्या दशकात थांबली. 1991 मध्ये तैवानने नैसर्गिक जंगल तोडण्यावर बंदी घातली. मधल्या काळात 1982 मध्ये मोटारींचा रस्ता झाला आणि गाडीचे प्रवासी कमी झाले. लाकूड नाही, प्रवासी थोडे, मग गाडी कशाला? पण लोकांनी तिला सोडले नाही. रान पाहायला येणारे पाहुणेच आता तिचा माल झाले. 1986 मध्ये तर सूर्योदय दाखवण्यासाठी आणखी वर, चूशानपर्यंत फाटा काढला. भल्या पहाटे अंधारात गाडी सुटते, आणि ढगांच्या समुद्रापलीकडे यूशान या 3,952 मीटर उंच शिखरामागून सूर्य वर येताना दिसतो.

ऑगस्ट 2009 मध्ये मोराकोट नावाचे वादळ आले. अलिशानला चार-पाच दिवसांत 2,800 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. मुंबईत अख्ख्या पावसाळ्यात पडतो त्याहूनही जास्त! झाडांची मुळे माती धरून ठेवतात हे खरे, पण इतक्या पावसापुढे दाट रानाचे उतारही टिकले नाहीत. दरडी कोसळल्या, रूळ हवेत लोंबकळू लागले. दुरुस्ती होत आली तोच 2015 च्या वादळात एक बोगदा गाडला गेला. त्याच्याऐवजी नवा, सुमारे एक किलोमीटर लांबीचा बोगदा खोदावा लागला. 6 जुलै 2024 रोजी गाडी पुन्हा चियायीहून थेट अलिशानपर्यंत धावली. मध्ये जवळजवळ 15 वर्षे गेली होती.

वरच्या टोकाजवळ शनमू नावाचे स्थानक आहे. शनमू म्हणजे पवित्र वृक्ष. येथे सुमारे 3,000 वर्षांचा एक सायप्रस उभा होता. लाकूडतोड्यांनी त्याला हात लावला नव्हता. 1956 मध्ये त्याच्यावर वीज पडली आणि तो वाळला. जुलै 1997 मध्ये मुसळधार पावसात त्याचा अर्धा भाग रुळांवर कोसळला, आणि उरलेला धोक्याचा म्हणून 1998 मध्ये खाली उतरवला. तो तेथेच आडवा ठेवला आहे. जवळच्या रानात आणखी एक झाड दाखवतात. एका मेलेल्या बुंध्यावर दुसरे झाड उगवले, तेही मेले, आणि त्याच्यावर आता तिसरे वाढते आहे. लोक त्याला तीन पिढ्यांचे झाड म्हणतात.

परतीची गाडी निघते तेव्हा इंजिन पुढे असते आणि सगळे डबे त्याच्या मागे, ब्रेक लावत लावत उतरतात. झेडची वळणे येतात, मग फनचीहू, मग तूलीशान. या वेळी कापराच्या झोपडीचे स्थानक प्रत्येक वळशाला थोडे मोठे दिसते. प्रवासी स्वेटर काढून पिशवीत भरू लागतात.